दौलतजादा : एका रिवाजाचा इतिहास

मराठी तमाशाचा इतिहास लिहिताना आपल्या अभ्यासकांनी शाहिरांची चरित्रे जुळवली, कवनांचे पाठभेद तपासले, वगांच्या कथानकांची परंपरा मांडली. परंतु ज्या द्रव्याच्या आधारावर ही कला निदान दोन शतके तगून राहिली, ते द्रव्य प्रेक्षकाच्या हातातून कलावतीच्या हातात कोणत्या रीतीने, कोणाच्या साक्षीने आणि कोणत्या मर्यादेत जात असे, याचा विचार त्या मानाने फार थोडा झाला. दौलतजादा हे त्या रीतीचे नाव. लावणी रंगात आली असता प्रेक्षकाने नाणे वा नोट पुढे करावी, ती फडातल्या माणसाने किंवा स्वतः कलावतीने स्वीकारावी, देणाऱ्याचे नाव पुकारून त्याच्या दौलतीची वृद्धी चिंतावी, मुजरा करावा आणि थांबलेली ओळ पुन्हा उचलावी, एवढाच तिचा बाह्य आकार. पांढरपेशा समाजाने या रिवाजाकडे उधळपट्टी म्हणून पाहिले आणि सुधारकांनी तो मोडून काढण्याजोगा अनाचार मानला. माझे मत निराळे आहे. दौलतजादा ही मजुरीवरची खुशाली नव्हती. पुष्कळ कलावतींच्या बाबतीत तीच मजुरी होती, आणि तिच्याभोवती शिष्टाचाराचे जे निर्बंध होते त्यांनी नाचणाऱ्या बाईला, कायद्याने कधी दिले नाही इतके, संरक्षण दिले.

उत्तर पेशवाईत, विशेषतः दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत, लावणीला पुण्यात जो बहर आला त्याचे अर्थकारण दरबारी होते. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर, परशराम ही मंडळी ज्या काळात गाजली त्या काळी गुणिजनाला बिदागी मिळे, पोशाख मिळे, शेलापागोटे मिळे, एखाद्याची सालाची नेमणूक होई, आणि हे सारे जमाखर्चात लिहिले जाई. देणारा एक आणि घेणारेही मोजके, म्हणून देण्याघेण्याची मर्यादा दरबारच्या रीतीरिवाजांनी आपोआप सांभाळली जात असे. मात्र या व्यवस्थेचे गुणगान करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. शाहिराला बिदागी मिळत होती तेव्हाच, त्याच पुण्यात, नाटकशाळांत नाचणाऱ्या स्त्रियांपैकी कित्येक जणी कुणबिणी किंवा बटकी म्हणून सरकारच्या ताब्यात होत्या. त्यांच्या कलेवर आणि देहावर मालकी दुसऱ्याची होती आणि त्यांना मिळणारे अन्नवस्त्र ही धन्याची मर्जी होती. आपल्या नावाने पुकारलेली आणि आपल्या हिश्श्यात पडलेली रक्कम ही पुढच्या काळातल्या कलावतीची मिळकत, तिच्या या पूर्वसूरींना ठाऊकही नव्हती.

१८१८ साली पेशवाई गेली आणि बाजीराव ब्रह्मावर्ताला जाऊन राहिला. संस्थानिकांच्या दरबारांतून थोडाफार आश्रय उरला, तरी फडांचा मुख्य आधार तुटला आणि त्यांना गावोगावच्या जत्रांकडे, सधन पाटलांकडे, वतनदारांकडे आणि पुढे मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्यावर सातारा, पुणे, कोकण या भागांतून आलेल्या कामगारांकडे वळावे लागले. दौलतजादेचा जो सार्वजनिक आकार आपण ओळखतो तो याच स्थित्यंतरातून घडला असला पाहिजे, असे मला वाटते. एका धन्याची बिदागी शंभर रसिकांत विभागली गेली. दप्तरातली नोंद गेली आणि तिच्या जागी भर मैफलीतला पुकारा आला. ज्याच्या घराण्याचे नाव कोणत्याही कागदात सन्मानाने लिहिले जाणार नव्हते, त्या गिरणी-कामगाराचे नाव रंगमंचावरून ढोलकीच्या ठेक्यावर घेतले जाऊ लागले. रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, यांनी जातीचा आणि घराचा त्याग करून नर्तकी पवळेच्या साथीने जो फड गाजवला, त्याचा प्रेक्षकवर्ग मुख्यतः हाच होता. बापूराव १९४५ साली निवर्तले ते विपन्नावस्थेत. हजारोंनी ओतलेली दौलत साठवून ठेवण्याची कोणतीही तजवीज या धंद्यात नव्हती, हे त्यांच्या अखेरीने दाखवून दिले.

येथे तमाशाच्या दोन शाखांत भेद केला पाहिजे, कारण त्यावाचून दौलतजादेचे खरे स्वरूप समजत नाही. ढोलकीफडाचा तमाशा गण, गौळण, बतावणी, लावणी आणि वग या क्रमाने चालतो. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत त्याचा हंगाम. जत्रेच्या गावाने वर्गणी गोळा करून फडाला सुपारी द्यावयाची, किंवा फडमालकाने तंबू ठोकून तिकीट लावावयाचे. नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पुढारी तेथे येऊन सुपारी ठरवतात आणि कलावंत मालकाकडून घेतलेली उचल हंगामभर फेडीत राहतात. अशा फडात रंगबाजीच्या वेळी येणारी दौलतजादा हा वरचा लाभ असतो. ती आली तर आनंद, न आली तरी सुपारी ठरलेली. संगीत बारीचे तसे नाही. तेथे वग नाही आणि सोंगाड्याचे राज्यही नाही. पार्टीची मालकीण बहुधा स्वतः कलावती, तिच्यासमवेत बहिणी, मुली, भाच्या, आणि साथीला पेटी, तबला, ढोलकी. चौफुला, सणसवाडी, मोडनिंब, जामखेड येथील थिएटरांत अशा अनेक पार्ट्या एकाच आवारात राहतात आणि रात्री आपापल्या पाळीने रंगमंचावर येतात. तिकिटाच्या पैशात थिएटरमालकाचा हात मोठा. पार्टीचे पोट भरते ते फर्माईश आणि दौलतजादा यांवर. रात्रीच्या शेवटी जमलेल्या पैशाची वाटणी होते, तीत मालकिणीचा वाटा, नाचणाऱ्या मुलींचा वाटा, साजिंद्यांचा वाटा हे रूढीने ठरलेले असतात. ज्या रात्री पाऊस पडला आणि खुर्च्या रिकाम्या राहिल्या, त्या रात्री पेटीवाल्यालाही काही मिळत नाही. अशा धंद्यात देणाऱ्याच्या हाताला वळण लावणे ही सौंदर्यदृष्टीची बाब उरत नाही, ती उपजीविकेची बाब होते.

हे वळण कसे होते? पहिली गोष्ट अंतराची. प्रेक्षकाने रंगमंचावर चढू नये, नोट दुरून दाखवावी आणि ती घ्यावयास कोणी येईपर्यंत वाट पाहावी. फडात हे काम सोंगाड्या किंवा एखादा साथीदार करी, बारीत कलावती स्वतः रंगमंचाच्या कडेपर्यंत येई, पण हात हाताला लागू न देता नोट उचलण्याचे कसब ती लहानपणीच शिकलेली असे. दुसरी गोष्ट साक्षीची. पैसे चोरून द्यावयाचे नाहीत. नाव आणि रक्कम पुकारली जावयाची, म्हणजे देणाऱ्याचा मान वाढे आणि त्याच क्षणी ती रक्कम सर्व पार्टीच्या हिशेबात येई. या पुकाऱ्यात केवळ देणाऱ्याची खुशामत पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की लेखी हिशेब नसलेल्या मंडळींना तोच एक हिशेब होता. तिसरी गोष्ट मोबदल्याची. दौलतजादेने लावणी मागता येई, आवडलेला चरण पुन्हा म्हणवून घेता येई. त्यापलीकडे काही मागण्याचा अधिकार तिने मिळत नसे. अर्थात दोन रसिकांची चुरस लागली म्हणजे एकाने मागितलेली लावणी अर्ध्यावर थांबवून दुसऱ्याने आपली सुरू करवावी, त्यावर पहिल्याने रक्कम चढवावी, असे प्रकार होत आणि त्यात जमिनी गहाण पडल्याच्या कथा गावोगाव सांगितल्या जातात. परंतु मुरलेली मालकीण अशा वेळी दोघांच्याही नावाने मुजरा करून मूळ लावणी पुरी करी. हे भान माझ्या लेखी तिच्या कलेचाच भाग होते.

थिएटरातील कार्यक्रम आटोपल्यावर होणारी खाजगी बैठक हा या रिवाजाचा सर्वांत नाजूक आणि, कलेच्या दृष्टीने, सर्वांत संपन्न भाग. तेथे नाच थांबतो, कलावती बसून गाते, आणि एकाच ओळीचा अर्थ डोळ्यांनी, भुवईने, बोटांच्या हालचालीने पुनःपुन्हा निराळा करून दाखवते. यमुनाबाई वाईकर आणि सत्यभामाबाई पंढरपूरकर यांनी ही बैठकीची लावणी ज्या उंचीला नेली, ती ऐकणाऱ्याला तिकीटबारीवरच्या रांगेतून लाभणारी नव्हती. तिला समोर बसलेला, जाणता आणि सढळ हाताचा श्रोता लागत असे. दर अदेला दाद, दर दादेबरोबर दौलतजादा, आणि त्या दादेने उत्तेजित होऊन पुढची अदा, ही देवघेव नसती तर अदाकारीचे हे शास्त्र वाढले नसते. यमुनाबाईंना २०१२ साली पद्मश्री मिळाली. त्यांची विद्या मात्र पदकांच्या कितीतरी आधी अशा श्रोत्यांनी पोसली होती. त्याच बैठकीच्या बंद दाराआड साक्ष कमी होई, हेही तितकेच खरे. बाहेर जे अंतर शंभर डोळे राखीत ते येथे केवळ श्रोत्याच्या सभ्यतेवर सोडलेले असे, आणि सभ्यता सगळ्यांकडे नव्हती. कोल्हाटी समाजातील मुलींना शिक्षण आणि विवाह नाकारून या धंद्यात लोटणारी रूढी किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनात उघडी केली. ते वाचल्यावर दौलतजादेच्या गोडव्याबरोबर तिची किंमत कोणी मोजली हेही लिहावे लागते. महार, मांग, कोल्हाटी या जातींच्या स्त्रियांनी नाचावे आणि इतरांनी दाद द्यावी, या वाटणीला कोणताही शिष्टाचार न्याय्य करू शकत नाही. पण त्या अन्यायाचा उपाय म्हणून त्यांच्या हातातले पैसे काढून घेणे, ही मात्र दुसरी अन्यायाची गोष्ट झाली.

आणि तसे घडले. स्वातंत्र्यानंतर लगेच, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई राज्यात तमाशाला मनाई केली. पुढे वगांच्या संहिता तपासून, अश्लीलता वगळण्याच्या अटीवर खेळ सुरू झाले. वगाचे शुद्धीकरण झाले, लावणी शहरी रंगमंदिरात प्रतिष्ठेने आली, हा त्यातला लाभ मी नाकारत नाही. तथापि सुधारणेच्या त्या सगळ्या चर्चेत कलावतीच्या निश्चित वेतनाचा प्रश्न कडेलाच राहिला. सरकारने पुढच्या काळात पदके दिली, वृद्ध कलावंतांना मानधन सुरू केले. परंतु विठाबाई नारायणगावकर यांच्यासारख्या, राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवल्या गेलेल्या कलावतीचेही अखेरचे दिवस ओढगस्तीत गेले.

१९६० साली सार्वजनिक करमणुकीच्या जागा आणि खेळ यांच्या परवान्यांसाठी जे नियम झाले, त्यांच्या शीर्षकातच मेळे आणि तमाशे यांचा उल्लेख आहे. हाच नियमसंग्रह पुढे मुंबईच्या डान्सबारांना लागू झाला, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. १९८० नंतर मुंबई, ठाणे, पनवेल या पट्ट्यात वाढलेल्या या बारांत बहुतेक नर्तकींना पगार नव्हता. ग्राहकाने दिलेल्या पैशाची मालक आणि नर्तकी यांच्यात वाटणी होई. म्हणजे अर्थकारण संगीत बारीचेच; हरवला होता तो रिवाज. नाव पुकारणारा कोणी नव्हता, मुजरा नव्हता, मागितलेली लावणी नव्हती. नोटांची पुडकी सोडून नर्तकीच्या अंगावर उधळली जात आणि पायाखालच्या नोटा वेचण्यासाठी निराळी माणसे असत. देणाऱ्याच्या हातापुढे थांबून त्याला वाट पाहायला लावण्याचा जो अधिकार चौफुल्याच्या कलावतीला होता, तो येथे उरला नाही.

२००५ साली गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने मुंबई पोलीस कायद्यात ३३अ आणि ३३ब ही कलमे घालून बारमधील नृत्याला बंदी झाली. नाट्यगृहे, जिमखाने आणि तीन तारांकित किंवा त्यावरची हॉटेले मात्र वगळली गेली. सुमारे ७५,००० स्त्रियांचा रोजगार गेल्याचे न्यायालयापुढे मांडण्यात आले. उच्च न्यायालयाने २००६ साली ही बंदी घटनाबाह्य ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तो निर्णय कायम केला. शासनाने २०१६ साली नवा कायदा केला, त्यात नाणी वा नोटा फेकणे आणि हातात देणेही निषिद्ध ठरवले. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात न्यायमूर्ती अर्जनकुमार सीक्री आणि अशोक भूषण यांनी या तरतुदीची जी फोड केली, तिच्यात तमाशाच्या जाणकाराला जुनी ओळख पटावी : नोटा उधळता येणार नाहीत, पण बक्षीस हातात देता येईल, आणि ते बिलातच मिळवले पाहिजे अशी सक्ती करता येणार नाही. जी मर्यादा मोडनिंबच्या थिएटरात कोणी लिहून न ठेवता पाळली जात होती, ती देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला कलमाच्या अर्थातून पुन्हा काढावी लागली. नर्तकींना मासिक पगारावरच नेमावे ही अट त्याच निकालात टिकली नाही. तेव्हा दौलतजादा हीच मजुरी असण्याची स्थिती, हा सारा प्रवास होऊनही, कायद्याने जिथल्या तिथे ठेवली आहे.