गिरणीचे सूत आणि देशादेशांतील दरी

काही देश श्रीमंत आणि काही गरीब, हा भेद आपण निसर्गनियमासारखा मानतो. वस्तुतः आज दिसते तेवढी दरी फार जुनी नाही. अर्थेतिहासकार अँगस मॅडिसन यांच्या अंदाजाप्रमाणे १८२० ते १९५० या काळात ब्रिटनचे दरडोई उत्पन्न चौपट झाले. भारताचे जेमतेम एक षष्ठांशाने वाढले. असे का व्हावे?

पहिले कारण यंत्र. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लँकेशायरमध्ये सूतकताईची यंत्रे आली आणि एका कामगाराच्या हातून अनेक चरख्यांचे काम निघू लागले. ते स्वस्त सूत व कापड आपल्या बाजारात आले. कापूस मात्र कच्चाच बाहेर गेला. न्यायमूर्ती रानडे यांचे बालपण आपल्या कोल्हापुरात गेले. त्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात हेच दुखणे मांडले. इंग्लंडला मानवलेले खुल्या व्यापाराचे शास्त्र सर्व देशांना सारखे लागू पडत नाही, असा त्याचा आशय होता.

दुसरे कारण सत्ता. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली. म्हणजे यंत्र चालविणे आपल्याला अशक्य होते, असे नव्हे. परंतु १८९६ साली विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात ठरली, तेव्हा देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर बसला. तो १९२६ साली उठला. त्याच युगात जपानचे सरकार आपल्या उद्योगांना हात देत होते.

आपल्याकडे थोडी सत्ता जेथे हाती होती, तेथे काय झाले? शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात कापडगिरणीचा पाया घातला. औंध संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. संस्थाने लहान, म्हणून यशही मर्यादित. पण दिशा स्पष्ट होती.

शेवटी एक कटू गोष्ट सांगावयास हवी. देशादेशांत जी दरी पडली, तीच देशाच्या पोटातही पडली. कोकण, सातारा, कोल्हापूर येथील माणसे पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत गेली आणि घरची शेती बायकामाणसांनी सांभाळली. १९८२ च्या संपानंतर कित्येकांना रिकाम्या हातांनी गावी परतावे लागले. तेव्हा कारखाने किती निघाले, एवढेच विचारून भागत नाही. त्यांतील मिळकत अंबा घाटाच्या पायवाटेपर्यंत पोचली काय, हाही प्रश्न मलकापूरकरांनी विचारावयास हवा.