मूर्खाची लक्षणे आणि महाडची वहिवाट

महाडहून वरंधा घाटाच्या दिशेने गेले की सह्याद्रीच्या कुशीत शिवथरघळ लागते. पावसाळ्यात घळीच्या तोंडावर धबधबा कोसळत असतो. समर्थ रामदासांनी येथे दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी संप्रदायाची परंपरा आहे. विस्मृतीत गेलेली ही जागा धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये शोधून काढली.

ग्रंथाच्या सहाव्या दशकात कलियुगाची ४७६० वर्षे झाल्याचा उल्लेख येतो. हिशेबाने ते वर्ष १६५९ ठरते. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला, पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की दिसणाऱ्या प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखान मारला गेला. मुलूख असा पेटलेला असताना दासबोधात मात्र माणूस डोके कसे खाजवतो, याचीही नोंद आहे!

दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा. दोघे बोलत असता तिसरा मध्ये जाऊन बसतो आणि दोन्ही हातांनी डोके खाजवतो, तो मूर्ख. वाचताना अक्षरे गाळणारा किंवा पदरची घालणारा मूर्ख. पोथी स्वतः वाचत नाही, दुसऱ्यास वाचू देत नाही, नुसती बांधून ठेवतो, तोही मूर्ख. (हा गृहस्थ इतिहाससंशोधकांच्या चांगला परिचयाचा आहे.) घरी शहाणा पण सभेत लाजणारा त्याच पंक्तीत बसतो, आजची चाचणी त्याला ‘अंतर्मुख’ म्हणून सोडून देईल.

कार्ल युंग यांचा व्यक्तिमत्त्वप्रकारांवरील ग्रंथ १९२१ चा. त्याच्या आधारे पुढे निघालेल्या चाचण्या आधी माणसाचा प्रकार ठरवतात आणि मग त्यावरून सवयी उलगडतात. समर्थांचा क्रम उलटा आहे. सवय आधी, माणूस नंतर. एकोणिसाव्या दशकात करंट्याची लक्षणे सांगताना ते आरंभीच बजावतात, की ही लक्षणे टाकली की सदेवपण अंगी बाणते. यादी शिक्का मारण्यासाठी नाही, टाकून देण्यासाठी आहे.

पण या मोकळीकीला मर्यादा होती. ब्राह्मण जन्मानेच सर्वांना पूज्य, हे दासबोधही मानतो. सवय टाकता येते. जन्म टाकता येत नाही.

हाच प्रश्न १९२७ मध्ये महाडातच उभा राहिला. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्याले गेले, २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. डिसेंबरच्या त्याच मुक्कामात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे भाषण केले. लुगडे नेसण्याची विशिष्ट तऱ्हा, गळाभर गळसऱ्या, कोपरापर्यंतचे दागिने या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत, त्या पुसून टाका, असे त्यांनी सांगितले. मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडण्याचा आग्रहही त्यांनी धरला. येथे सवय म्हणजे स्वभाव नव्हे. ती पिढ्यान्‌पिढ्या लादलेली होती आणि लादणारेच तिला स्वभाव म्हणत होते.

तळ्याचा दावा मात्र दहा वर्षे चालला. स्पृश्य वादींचा सारा भर वहिवाटीवर, म्हणजे एका गावाच्या सवयीवर होता. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची प्रथा अनादि काळापासूनची आहे, असे त्यांचे म्हणणे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: अशी अनादि वहिवाट सिद्ध होत नाही.