कोल्हापूरचा रॉबर्ट आणि १८८६ चे उन्हाळी शिबिर

जुलै १८८६. अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे धर्मोपदेशक ड्वाइट मूडी यांनी विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी शिबिर भरवले. जवळजवळ महिनाभर चाललेल्या या शिबिरास २५१ तरुण आले होते. मूळ हेतू बायबलच्या अभ्यासाचा. परदेशी मिशनकार्याचा विषय मुळात आखलेला नव्हता.

तो आणला रॉबर्ट वाइल्डरने. त्याचा जन्म १८६३ चा, कोल्हापूरचा. वडील रॉयल वाइल्डर तेथे मिशनरी होते. प्रिन्स्टनमधून नुकताच पदवीधर झालेला हा तरुण एकेकाला गाठून परदेशी जाण्याची प्रतिज्ञा घ्यावयास लावू लागला. अखेरीस शंभर स्वयंसेवक झाले. ‘स्वयंसेवक’ म्हणजे येथे सुटीपुरता मदतनीस नव्हे. सारे आयुष्य परमुलखात घालविण्याची ती तयारी होती. यातूनच १८८८ मध्ये विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली.

एक तपशील मात्र खटकतो. शिबिरात निरनिराळ्या देशांविषयी एक सभा झाली. जपान आणि सयामसाठी तेथलेच तरुण बोलले. भारतासाठी बोलला तो मिशनऱ्याचा मुलगा.

पुढे वाइल्डर स्वतः भारतात परतला आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत काम करू लागला. या विद्यार्थ्यांना स्वतःचे म्हणणे होते, आणि ते इंग्रजीत मांडताही येत होते.