मुलांची मोजदाद

लोकसंख्येचा विषय निघाला की आपण बहुधा एकूण शिरगणतीचा आकडा ऐकतो आणि अचंबा करून थांबतो. त्या मोठ्या आकड्याच्या पोटात एक लहान आकडा दडलेला असतो, तो मुलांचा. पुढील पन्नास वर्षांत शाळा किती लागतील, कमावते हात किती असतील, वृद्धांचा भार कोण वाहील, हे सारे त्या लहान आकड्यावरून ताडता येते. आज त्याचाच इतिहास थोडक्यात पाहावयाचा आहे. आणि तो पाहण्यास सुरतेजवळील डिंडोली हे ठिकाण फार सोयीचे आहे.

उधन्याच्या पूर्वेस असलेले डिंडोली हे एके काळचे शेतीवाडीचे खेडे. आज ते सुरत महानगरात सामावून गेले आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून कापडाच्या धंद्यात काम शोधावयास आलेली हजारो मराठी कुटुंबे या बाजूस स्थायिक झाली आहेत. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती अशा तीन भाषांत येथील मूल वाढते. तापी खोऱ्यातून जाणाऱ्या लोहमार्गाने खानदेश आणि सुरत एकमेकांस जोडले. १ मे १९६० रोजी दोन राज्ये निराळी झाली, नवापूरच्या स्थानकातूनच सीमारेषा गेली, तरी माणसांची ये-जा थांबली नाही.

या मुलांच्या पणजोबांचा काळ आठवावा. १८९९-१९०० चा दुष्काळ खानदेश व गुजरात या दोन्ही प्रांतांना सारखाच भोवला. गुजरातेत त्यास संवत १९५६ वरून छप्पनचा दुष्काळ म्हणतात. पाठोपाठ प्लेगच्या साथी सुरूच होत्या आणि १९१८ साली इन्फ्लुएंझा आला. अशा आपत्तीत प्रथम बळी पडतात ती मुले; आणि जी जन्मास यावयाची तीही येत नाहीत. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. घरी पाच-सहा पाळणे हलत, पण हाताशी येत ती दोन-तीन मुले. जन्म विपुल आणि मृत्यूही विपुल, असा तो हिशेब होता.

१९२१ नंतर हे चित्र पालटू लागले. साथी ओसरल्या, पुढे देवीविरुद्धची व मलेरियाविरुद्धची मोहीम आली, आणि मुले जगू लागली. जन्माचे प्रमाण मात्र तेवढ्या लवकर उतरले नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा त्यांच्या वाट्यास उपहासच अधिक आला. सरकारी कुटुंबनियोजनाचा आरंभ व्हावयास १९५२ साल उजाडले. परिणामी १९६१ मध्ये देशातील शंभर माणसांत सुमारे एकेचाळीस जण पंधरा वर्षांखालील होते. २०११ मध्ये हे प्रमाण एकतीसच्या आसपास आले. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या सुमारे अठरा कोटींनी वाढली. परंतु सात वर्षांखालील मुले दहा लाखांनीही वाढली नाहीत. मुलांचा ओघ येथे स्थिरावला.

युरोपने हीच वाट आधी चालून पाहिली आहे. इटलीत १९६४ साली दहा लाखांहून अधिक मुले जन्मली. २०२३ साली चार लाखांहूनही कमी. महाराष्ट्रातही २०१९-२१ च्या पाहणीप्रमाणे एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले, आणि गुजरातेत १.९. पिढी जशीच्या तशी टिकण्यास दोनाहून किंचित अधिक मुले लागतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ उमगतो. खानदेशातील तरुण जोडपे सुरतेस गेले की त्यांचे मूल सुरतेच्या गणतीत येते. गावच्या शाळेचा पट उतरतो आणि डिंडोलीच्या बाजूस वर्ग अपुरे पडतात. एकाच घटनेच्या या दोन बाजू आहेत.

येथवरची कथा समाधानाची म्हणता येईल. १९५० च्या सुमारास हजारांतील सुमारे दीडशे अर्भके वर्षाच्या आत दगावत. २०२० साली हा आकडा महाराष्ट्रात सोळा आणि गुजरातेत तेवीस होता. मुले थोडी, पण जगणारी, हे सुचिन्हच होय. परंतु याच हिशेबात एक काळी नोंद आहे. निसर्गतः हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली जन्मतात. २०११ च्या जनगणनेत सात वर्षांखालील मुलींचे हे प्रमाण जळगाव आणि सुरत या दोन्ही जिल्ह्यांत साडेआठशेच्याही खाली होते. सुरतेत कामासाठी पुरुष अधिक येतात, म्हणून हा फरक, असे कोणी म्हणेल. पण चार वर्षांचा मुलगा काही एकटा मागावर कामास येत नाही. महाराष्ट्राने १९८८ साली आणि देशाने १९९४ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, तरीही हे घडले. पूर्वी दुष्काळाने मुले हिरावली. त्याला आपण निदान दैव म्हणू शकत होतो. कुटुंब लहान झाले आणि त्या लहान कुटुंबात मुलगा हवाच हा हट्ट तसाच राहिला, त्याला दैव कसे म्हणावे?

२०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. ती २०२७ सालावर ठरविण्यात आली. ज्या घरी गणक येईल, तेथे एकूण माणसे किती, हे तो विचारीलच. आपण मात्र आपल्यापुरता एक जादा प्रश्न विचारावा: शाळा सुटल्यावर डिंडोलीच्या गल्लीतून जी पोरे धावत घरी येतात, त्यांत मुली किती? त्या उत्तरावरच आपल्या प्रगतीची खरी मोजदाद व्हावयाची आहे.