गंजलेला तवा भंगारात देण्याआधी

भंगारवाला आला की आम्ही माळ्यावरचे गंजलेले तवे त्याच्या तराजूत टाकायचो. आता तसं करत नाही.

लोखंडाशी विदर्भाचं नातं फार जुनं आहे. आपल्या वर्ध्याशेजारच्या नागपूर जिल्ह्यात, नायकुंडला, उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली. ती अडीच हजार वर्षांहून जुनी. त्या काळच्या थडग्यांत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्याही मिळाल्या. दगडातून आगीने काढलेलं लोखंड ओल आणि हवा लागली की पुन्हा तांबडी माती होऊ पाहतं. तोच गंज.

आमच्या आज्यांकडे त्यावर उपाय होता. तव्याला चिंचेचा कोळ लावून ठेवायचा. आंबटाने गंज सुटतो. राख आणि नारळाच्या शेंडीने घासायचं, धुवायचं, लगेच चुलीवर वाळवायचं. मग जवसाच्या तेलाचा पातळ हात देऊन तापवायचं. हे तेल वाळून कडक थर धरतं आणि ओल लोखंडापर्यंत पोचत नाही.

पुढे ॲल्युमिनियम आलं, मग नॉनस्टिक. तवे माळ्यावर गेले, शेतातलं जवसही कमी झालं. लोखंडी भांड्यातून अन्नात थोडं लोह उतरतं, तेही गेलं. रक्त कमी असलेल्या बाईला ते हवंच; मात्र डॉक्टरांच्या गोळ्या त्यासाठी सोडू नका.

तव्याला भोक पडलं असेल तर खुशाल भंगारात द्या. नुसता गंज असेल, तर आधी चिंच भिजत घाला.