पाणबुड्याचा दिवा : तेजाचे नियमन आणि धोक्याची सूचना

पाण्याखाली कृत्रिम प्रकाश नेण्याच्या प्रयत्नांचा इतिहास सामान्यतः वाढत्या तेजाचा इतिहास म्हणून मांडला जातो. वस्तुतः त्यात दुसराही एक प्रश्न गुंतलेला आहे. दिवा विझणार आहे, हे पाणबुड्यास आधी कळावे कसे, हा तो प्रश्न होय.

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लुई बूताँ ह्यांनी १८९३ पासून भूमध्य समुद्राकाठी बान्यूल येथे जलांतर्गत छायाचित्रणाचे प्रयोग केले. प्रारंभी त्यांनी मॅग्नेशियमच्या ज्वालेचा आश्रय घेतला. १८९९ मध्ये मात्र बॅटरीवर चालणाऱ्या आर्क दिव्यांच्या साहाय्याने सुमारे ५० मीटर खोलीवरील चित्रे घेतली. साठविलेली वीज संपली की प्रकाशही संपला, ही मर्यादा पुढील प्रत्येक दिव्याच्या वाट्यास आली.

विसाव्या शतकात पाणबुड्यांच्या हाती प्रामुख्याने तंतूचा दिवा होता. त्याचा प्रकाश विद्युद्दाबाच्या सुमारे ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे दाब १० टक्क्यांनी उतरला, की प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. साधे कोरडे सेल वापरात हळूहळू उतरतात. त्यामुळे दिवा मंदावे, पिवळसर होई, आणि मगच विझे. हा त्याचा दोष खरा. परंतु परतीची वेळ झाली, हे तोच दोष सांगत असे. निकेल-कॅडमियम सेलचा दाब बराच काळ सुमारे १.२ व्होल्टवर स्थिर राहून अखेरीस एकदम कोसळतो. त्यामुळे प्रकाश सुधारला, पण सूचनेचा अवधी आखडला.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली; त्याच दशकात तेजस्वी निळ्या व पांढऱ्या एल.ई.डी.ची निर्मिती शक्य झाली. लिथियम-आयन सेलचा दाब ४.२ व्होल्टपासून सुमारे ३ व्होल्टपर्यंत उतरतो, आणि एल.ई.डी.मध्ये दाबाच्या अल्प फरकानेही प्रवाह पुष्कळ बदलतो. म्हणून दोहोंमध्ये प्रवाह स्थिर राखणारे नियामक मंडल घालणे आवश्यक ठरले. दाब उतरत असताही तेज कायम राखणे, हे त्याचे कार्य. ते जितके चोख, तितकी बॅटरीची खरी अवस्था अधिक झाकली जाते.

ह्याचे गांभीर्य जलमग्न गुहांत कळते. तेथे डोक्यावर मोकळे पाणी नसते आणि सरळ वर येण्याचा मार्गही नसतो. फ्लॉरिडातील चुनखडीच्या गुहांत उतरणाऱ्यांमध्ये प्रत्येकी किमान तीन दिवे बाळगण्याचा नियम रूढ झाला, तो कोणताही एक दिवा विझेल हे गृहीत धरूनच. अनेक आधुनिक दिव्यांत शक्ती सरत आल्यावर तेज टप्प्याटप्प्याने उतरविण्याची किंवा रंगीत खुणेने इशारा देण्याची योजना असते. जुन्या दिव्यात जी सूचना दोषातून आपोआप मिळे, ती आता बुद्धिपुरस्सर निर्माण करावी लागते. सुधारणेने एक उणीव दूर केली, आणि त्या उणिवेने बजावलेले काम मात्र नव्याने कुणावर तरी सोपवावे लागले.