कॅलिम
‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकाखेळाच्या ‘फरगॉटन रेल्म्स’ विश्वातील वायुकुळीचा बलाढ्य जिन. एड ग्रीनवुड यांच्या कल्पनेतले हे विश्व टीएसआर कंपनीने १९८७ मध्ये खेळाडूंसाठी प्रसिद्ध केले. कथेनुसार कॅलिमने दक्षिणेत साम्राज्य उभारून माणसांना गुलाम केले. अग्निकुळीच्या मेम्नन या इफ्रीतशी त्याचे युद्ध सुमारे ४०० वर्षे चालले. अखेर एल्फ जादूगारांनी दोघांनाही एकाच स्फटिकात जखडले. त्यांच्या झुंजीचा मुलूख म्हणजे कॅलिम वाळवंट. तिथले वारे आणि तापलेली वाळू आजही एकमेकांवर तुटून पडतात. दिव्यातून निघून हुकूम झेलणाऱ्या जिनापेक्षा हे पात्र कितीतरी दमदार आहे. समोर न येताही ते साऱ्या प्रदेशावर दहशत ठेवते. कॅलिमशान देश आणि त्याची राजधानी कॅलिमपोर्ट यांना त्याचेच नाव मिळाले आहे.